डॅशकॅमची नोंद: पुढचा एका तासात, मागच्याला दीड दिवस

गाडीत डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे, स्वतः बसवले: एक पुढे, एक मागे. पुढच्या कॅमेऱ्याचं काम सोपं होतं. मधल्या आरशामागे, वायपर पुसतो त्या पट्ट्यात जागा ठरवली, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि चिकटपट्टी दाबून धरली. वायर छताच्या लायनिंगच्या कडेत बोटाने सरकवत ए पिलरपर्यंत, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबापर्यंत आणली. इथे मात्र घाई केली नाही. या खांबावरच्या ट्रिममागे (प्लास्टिकच्या आवरणामागे) माझ्या गाडीत कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे. वायर तिच्यावरून गेली तर बॅग उघडताना आड येणार. म्हणून ट्रिम पूर्ण काढली, वायर बॅगच्या मागून नेली आणि गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडीला) केबल टायने बांधली. कृपा करून कुणी ती नुसती फटीत कोंबू नका.

फ्यूज बॉक्समध्ये तीन वायरी जोडायच्या होत्या: कायम करंटची, चावीनंतर चालू होणारी आणि अर्थिंगची. एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेकच्या सुरक्षा यंत्रणेच्या) फ्यूजना हात लावला नाही. जोडणी फ्यूज टॅपने केली; तो जुन्या फ्यूजच्या खाचेत बसतो आणि त्यात जुना फ्यूज व नव्या वायरीचा फ्यूज असे दोन्ही बसतात. त्याची दिशा बघणं बरेचजण विसरतात. जुना फ्यूज काढून खाचेच्या कोणत्या टोकाला व्होल्टेज येतं ते मल्टिमीटरने पाहिलं आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय त्याच टोकाला बसवला. उलटा बसवला असता तर कॅमेऱ्याचा भारही जुन्याच फ्यूजमधून गेला असता. अर्थिंगसाठी रंग नसलेला, थेट बॉडीत गेलेला बोल्ट शोधला. कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा ती मर्यादा, 12.4 व्होल्टवर ठेवला. त्याने पार्किंग रेकॉर्डिंग (गाडी उभी असतानाचं) लवकर थांबतं, पण सकाळी गाडी सुरू होणं मला जास्त महत्त्वाचं.

आता मागचा. माझी गाडी हॅचबॅक, म्हणजे वायर छतातून डिकीच्या दारात न्यायची ती त्या पन्हाळीदार रबरी नळीतून. नळीत आधीच वायरींची जुडी, आणि कॅमेऱ्याचा पिन चांगलाच जाड. नळीची दोन्ही टोकं सोडवली, आत सिलिकॉन स्प्रे मारला (तेल नको, रबर फुगतं), ताठ तार घातली आणि तारेच्या टोकाला पिन टेपने निमुळता गुंडाळून ओढला. अर्ध्यावर अडकला. नळी बाहेरून चोळत, एकेक वळी पुढे सरकवत तो अखेर निघाला, तेव्हा फार बरं वाटलं.

ट्रिम लावल्यावर डिकी पूर्ण उघडली, तर वायर तारेसारखी ताणलेली. डिकी बंद ठेवून माप घेतलं होतं, तिथेच चुकलं. सगळं परत उघडलं आणि छताच्या बाजूला चार बोटं ढील ठेवली. माप डिकी पूर्ण उघडूनच घ्या.

कॅमेरा मागच्या काचेवर डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) दोन रेघांच्या मधोमध चिकटवला. चित्र उलटं दिसत होतं, ते सेटिंगमध्ये फिरवलं. रात्रभर पार्किंग मोड चालू ठेवला. सकाळी बॅटरी 12.5 व्होल्ट, दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल्स कार्डवर पूर्ण. आता डिकीच्या ट्रिमची एक क्लिप तुटली आहे, ती बदलायची राहिली.