आकार जुळला, नेट नाही

आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीतून ग्रंथालयात नेट न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर लॅब माझ्या ताब्यात. फायबर केबल कधीचीच टाकून ठेवलेली होती. "दोन टोकं तर जोडायचीत," असं म्हणून प्राचार्य मोकळे झाले.

रॅक उघडला तर आतलं टोक गोल, धातूचं. पिनवाल्या बल्बसारखं दाबून थोडं फिरवलं की अडकणारं. हा एसटी कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीचा एक प्रकार. नव्या नेटवर्क स्विचच्या (अनेक केबल जोडायच्या डब्याच्या) एसएफपी मॉड्यूलला, म्हणजे त्यात खोचायच्या फायबर जोडणीच्या तुकड्याला, लागतो एलसी, लहानसा, वर खटका असलेला. नेट कंपनीच्या ओएनटीला, म्हणजे बाहेरून आलेलं फायबर ज्यात जोडतात त्या डब्याला, एससी, चौकोनी, सरळ ढकलायचा. एफसी हा चौथा प्रकार, आट्यांचा. तो मला फक्त फायबरवाल्याच्या पॉवर मीटरवर, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायच्या यंत्रावर, दिसला. एसटी, एससी आणि एफसी या तिन्हींच्या टोकाची पांढरी सिरॅमिक नळी, म्हणजे फेरूल, 2.5 मिलिमीटरची, एलसीची निम्मी, 1.25. म्हणून तर एका स्विचमध्ये एलसीची एवढी दाटी करता येते.

इथपर्यंत सोपं होतं. एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला एलसी अशी पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी केबल, बाजारात सहज मिळते. पण दुकानदार पिवळी काढून द्यायला लागला. पिवळी म्हणजे सिंगलमोड, प्रकाश वाहणारा आतला गाभा 9 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या नारिंगी केबलवर छापलं होतं 62.5/125, म्हणजे गाभा 62.5 मायक्रॉनचा आणि बाहेरच्या काचेसकट 125 चा, जुनी मल्टिमोड. दोन्हींवर कनेक्टर तेच बसतात, खटकाही वाजतो, पण 62.5 च्या गाभ्यातला प्रकाश 9 मध्ये मावणार कसा? शेवटी 62.5 चीच पॅचकॉर्ड मागवली आणि एसएफपी 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे घेतले. इमारती जवळजवळ असल्यामुळे एक गिगाबिट सहज निघालं. लिंकचा दिवा मात्र लागेना. एका टोकाची दोन एसटी आपसांत बदलली, लगेच लागला. एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला जायला हवं, एवढंच.

खरी गंमत ओएनटीशी. तिथे सिग्नल कधी यायचा, कधी लाल दिवा. फायबरवाला पोरगा आला, मीटर लावला: उणे 29 डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्यातला आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. असल्या ओएनटीला साधारण उणे 27 पर्यंत चालतं. त्याने पॅचकॉर्ड उपसून माझ्यासमोर धरली. "सर, भिंतीवरचा डबा हिरवा, ओएनटीचं पोर्ट हिरवं आणि मधली कॉर्ड निळी. कोणी लावली ही?" आधीच्या ठेकेदाराने. निळा म्हणजे यूपीसी, टोक जवळपास सपाट घासलेलं. हिरवा म्हणजे एपीसी, 8 अंश तिरपं घासलेलं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश तिरका जाऊन गाभ्याबाहेर पडतो. तिरप्याला सपाट भिडवलं की मध्ये हवेची फट राहते आणि टोकं खराब व्हायची भीती वेगळीच. इथे तर दोन्ही बाजूंना तोच प्रकार. दोन्ही टोकं हिरवी असलेली कॉर्ड लावल्यावर मीटर उणे 20 वर आला.

लावण्याआधी त्याने प्रत्येक टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने एकाच दिशेला पुसलं, मग कोरड्याने. मी शर्टाच्या बाहीकडे बघतोय असं वाटून म्हणाला, "त्याने नका पुसू, आणि चालू केबलच्या तोंडात डोकावूही नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला लागतो." जाताना रिकाम्या पोर्टांना टोप्या बसवून गेला, मी रॅकच्या दारावर आतून कुठल्या पोर्टला कुठला रंग आणि किती मायक्रॉन, ते मार्करने लिहून ठेवलं.