बगळ्याची नोंदवही : पहिले आठ महिने

2 जूनला सुरुवात केली, आज जानेवारी संपला. 244 दिवसांपैकी 171 दिवस योगासनांचा सराव झाला. उरलेल्या 73 दिवसांत चवथीचे (गणेशचतुर्थीचे) पाच, गुडघ्याचे बरेच, आणि बाकी सगळे शुद्ध आळसाचे. योगसूत्रांत पतंजलींनी चित्ताच्या विक्षेपांची, म्हणजे मन विचलित होण्याची, नऊ कारणं दिली आहेत, त्यात व्याधी पहिली आणि आलस्य पाचवं. माझ्या वहीत दोघांची चढाओढ चालू आहे.

जागा : मये गाव, डिचोली तालुका, जुनं कौलारू घर. राजांगणाच्या (घरातल्या चौकाच्या) कडेच्या पडवीत लाल कोबा आहे, तिथे पहाटे सहाला उभी राहते. साडेसहाच्या सुमारास पोदेराचा भोंपू वाजतो, तेव्हा उठून पाव घ्यावे लागतात. म्हणजे हातात अर्धा तास. सात-वीसची बस चुकली तर पणजीत ऑफिसला लेटमार्क ठरलेला.

सुरुवातीला मी ठरवलं होतं की एकच आसन नीट करायचं, आणि निवडलं वृक्षासन. कारण सोपं : प्रगती मोजता येते. एका पायावर किती सेकंद? वहीत चार रकाने आखले – तारीख, उजवा पाय, डावा पाय, शेरा. 2 जून : उजवा 9, डावा 7. शेऱ्यात लिहिलंय, ‘हसू आलं’.

हसू मला नाही, सासूबाईंना आलं होतं. त्या देवाला फुलं काढायला चालल्या होत्या. दारात थांबून म्हणाल्या, “कितें गो, बगळ्याभशेन उबी रावल्या?” आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि पोथी मराठीत. श्रावणात ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या बाईने सुनेच्या योगाभ्यासाला पहिल्याच दिवशी बगळा म्हणावं, हे मला जरा लागलंच. त्या शब्दात किती खोच होती ते कळायला पुढे चार महिने गेले.

जूनमध्ये हातपाय कसे ठेवायचे तेच शिकण्यात गेलं. नवीन सुरू करणाऱ्यांसाठी तेवढं लिहिते. टेकलेल्या तळव्याचे तीन बिंदू सांभाळायचे : अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच. माझं करंगळीचं मूळ सारखं उचललं जायचं, आणि ते उचललं की घोटा आत कलून दोन सेकंदांत पाय खाली. वर घेतलेला पाऊल गुडघ्यावर कधीच टेकवायचा नाही. मांडीवर किंवा पोटरीवर. पाऊल मांडीला दाबतं तेवढंच मांडीने पावलाला दाबायचं. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मॅट काढून टाकणं. जाड मऊ मॅटवर घोटा लटपटतो, उघड्या कोब्यावर तो गुमान उभा राहतो. तसंही जुलैत मॅटला बुरशी आलीच. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मॅट दोन दिवस गुंडाळून ठेवली की तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. व्हिनेगर, उन्हाची तिरीप, कडुलिंब, सगळं करून पाहिलं. शेवटी बसण्यासाठी जुनी सतरंजी आणि उभं राहण्यासाठी नुसता कोबा.

वृक्षासनाबद्दल मला वाटायचं की हे पतंजलींच्या काळापासून असंच चालत आलंय. योगसूत्रांत एकूण 195 सूत्रं (काही पाठांत 196), त्यातली थेट आसनावर फक्त तीन. वृक्षासन त्यात नाही. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, त्यांतही नाही. घेरंडसंहितेतल्या बत्तीस आसनांत मात्र आहे : डाव्या मांडीच्या मुळाशी उजवा पाऊल ठेवून वृक्षासारखं उभं राहावं. बस्स, एवढंच. किती वेळ ते सांगितलेलं नाही. हे वाचूनही मी तेव्हा सेकंदच मोजत होते.

10 जुलैची नोंद : उजवा 48, डावा 41. शेऱ्यात दोन उद्गारचिन्हं. मी खांबावरच्या एका चिऱ्याकडे बघायचे, त्यात कुंभारमाशीचं भोक होतं, तिथे दृष्टी खिळवली की पाय आपोआप शांत. मग 11 जुलैला वीज गेली. मिट्ट काळोख, कौलांवर ताडताड पाऊस, पण वेळ चुकवायची नाही म्हणून उभी राहिले. चार सेकंद! दुसऱ्या पायावर तीन. तिसऱ्यांदा तर सरळ खांबाला जाऊन धडकले.

तोल सांभाळणारी यंत्रणा तीन ठिकाणाहून माहिती घेते : डोळे, आतला कान, आणि पायाच्या स्नायू-सांध्यांतल्या जाणिवा. माझे 48 सेकंद जवळजवळ सगळे डोळ्यांनी कमावलेले होते. घोट्याला काही येतच नव्हतं. त्या दिवसापासून शेवटची फेरी डोळे मिटून, एक हात खांबाजवळ ठेवून. ऑगस्ट संपेपर्यंत ती कशीबशी 12 वर आली. तुम्ही कधी केलं नसेल तर करून बघा. अहंकार उतरायला अर्धा मिनिट पुरतो.

सप्टेंबर चवथीत गेला. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधणं, पाहुणे, नेवऱ्या (करंज्या), रात्री घुमट वाद्यावरच्या आरत्या. पाच दिवस वही उघडलीच नाही. सहाव्या दिवशी उघडली तर उजवा 31. एवढी चिडले की चहा न घेताच बसला निघून गेले. बसमध्ये उभ्याउभ्या डोक्यात आकडे : पाच दिवसांत सतरा सेकंद गेले, ते भरून काढायला किती दिवस लागतील. दांड्याला लोंबकळून मी त्रैराशिक मांडत होते, आणि नाव काय, तर योग.

या चिडण्यातूनच पुढची चूक झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्याकडच्या एका दोन दिवसांच्या शिबिराला गेले, पदरचे पैसे भरून. मांद्रे, हरमलपासून खाली आगोंदपर्यंत हंगामात अशी शिबिरं भरतात आणि त्यातली काही चांगली असतीलही. इथे पद्मासन घालायला सांगितलं. माझे खुबे घट्ट, गुडघा जमिनीपासून वीतभर वर. शिकवणाऱ्याने मागून येऊन गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. शेजारची मुलगी सहज बसली होती म्हणून गप्प राहिले. कट्! आवाज मलाच ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणलाय, सहा आठवडे मांडी घालायची नाही, एका पायावर उभं राहायचं नाही. नंतर समजून घेतलं ते असं की पद्मासनातलं वळणं खुब्याचं काम आहे. गुडघा मुख्यतः बिजागरी. त्याला वाकणं आणि सरळ होणं जमतं, पीळ फारसा सोसत नाही. खुबा वळला नाही की तो पीळ खाली गुडघ्यात उतरतो. ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र तर पाठ होतं. त्यापुढचं सूत्र प्रयत्न सैल करायला सांगतं. मी स्थिर तेवढं उचललं होतं. सुख आणि सैल हे शब्द माझ्यासाठी नाहीत अशी माझी समजूत.

घरी खुर्चीत पाय लांब करून बसलेली असताना बकध्यान, म्हणजे ध्यानाचं ढोंग, हा शब्द आठवला. लहानपणी शाळेत वाक्प्रचारात पाठ केलेला. बगळा एका पायावर निश्चल उभा असतो, डोळे अर्धे मिटलेले, आणि सगळं लक्ष माशावर. महाबलिपुरमला सातव्या शतकातलं मोठं शिल्प आहे, दगडात कोरलेला एका पायावरचा तपस्वी. तो अर्जुन की भगीरथ यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण त्याच दगडावर खाली एक मांजरही तशीच हात वर करून तप करतंय आणि भोवती उंदीर गोळा झालेत. शिल्पकाराला ही जात चांगली ठाऊक होती. माझा मासा म्हणजे तो सेकंदांचा रकाना. निश्चल मीही उभी होते, एक डोळा टायमरवर.

गीतेत ‘समत्वं योग उच्यते’ आहे, ते आपण भिंतीवर टांगतो. त्याच श्लोकात आधी ‘सिद्ध्यसिद्ध्योः समो भूत्वा’ आहे : जमलं काय, न जमलं काय, सारखंच. म्हणजे 48 आणि 31 सारखे. हे मला पटलं असं सांगणार नाही, कारण आतून अजून पटत नाही. पण जो रकाना रोज सकाळी मला याच्या बरोबर उलट शिकवत होता, तो मी 19 ऑक्टोबरला तांबड्या पेनाने खोडला. पट्टी धरून.

मग सहा आठवडे काय केलं, तर खुर्चीत बसून श्वास. पतंजली चित्त शांत करायचे अनेक पर्याय देतात, त्यातला एक म्हणजे श्वास बाहेर सोडणं आणि धरणं. धरण्याच्या भानगडीत मी पडले नाही. गुरूशिवाय कुंभक नको, एवढा धडा शिबिराने दिला होता. चार अंक घेणं, आठ अंक सोडणं, नाकानेच. बोटांच्या पेरांवर मोजून बारा फेऱ्या. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की ती मंद बाजू जास्त वेळ मिळते. पहिले दहा दिवस आठपर्यंत पोचायचेच नाही, सहाला घाईने आत ओढला जायचा. तीन-सहावर आणलं तेव्हा जमलं. कोणाला दम लागत असेल तर तेच करा, चार-आठ काही वेदवाक्य नाही.

याचा उपयोग झाला का? एक प्रसंग सांगते, तुम्हीच ठरवा. नोव्हेंबरात सामाईक माडांवरून दिरांशी वाजलं. पाडेली (नारळ पाडणारा) त्यांनी बोलावला, नारळ त्यांनी नेले, आमच्या वाट्याला दोन शेंड्या. मी मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहिला, 2009 पासूनचा हिशेब काढून. पाठवण्याआधी सहा वाजले म्हणून खुर्चीत बसले. बारा फेऱ्या. मग परत वाचला आणि 2009 ते 2021 खोडलं. उरलेलं पाठवलंच. राग गेला नव्हता, नारळही आले नाहीत. पण रविवारी ते आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि कपात साखर घालायला विसरले नाही.

डिसेंबरपासून पुन्हा वृक्षासन, गुडघ्याला जपून, पाऊल पोटरीवर. आता वहीत तीन रकाने : तारीख, केलं की नाही, आणि श्वास कुठे अडला. तिसऱ्यात गमती आहेत. ‘पाय उचलतानाच धरला.’ ‘पोदेराचा भोंपू ऐकून धरला, पैसे सुटे नव्हते.’ पाय थरथरणं आणि श्वास विस्कटणं या दोन्ही गोष्टी पतंजलींनी विक्षेपाच्या सोबती म्हणून एकाच सूत्रात सांगितल्या आहेत. पहिल्याला त्यांनी दिलेलं नाव अंगमेजयत्व. माझ्या वहीत मात्र पाय थरथरल्याचे कितीतरी दिवस नुसते अपुऱ्या झोपेचे निघाले. सेकंद किती होतात ते खरंच माहीत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मोह होऊन एकदा टायमर लावला होता, तो आकडा इथे लिहीत नाही.

जानेवारीत एक भर पडली. सासूबाई न्हाणीच्या पायरीवर तोल जाऊन बसल्या. लागलं नाही, पण घाबरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत आल्या आणि खांब धरून उभ्या राहिल्या. मी मागे खुर्ची ठेवली. पाऊल कुठेही टेकवायचा नाही, टाच जरा उचलायची, दोन्ही हात खांबावर, पाच श्वास. मग दुसरा पाय. पोटरीवरून घसरलेलं लुगडं सावरत त्यांनी मला विचारलं की याला नाव काय. मी म्हटलं, वृक्षासन. “वृक्षासन कसलें, बगळोच तो,” म्हणाल्या.

वहीच्या मागच्या पानावर त्यांचा वेगळा रकाना काढलाय. स्वतः त्यात काही लिहीत नाहीत. पाय खाली टेकला की फुलांची परडी उचलतात आणि जाता जाता सांगतात, “बरय, जालें.”