एकाच व्हीएमच्या डिस्क एनएफएस आणि आयस्कझीवर विभागल्या तेव्हा

प्रॉक्समॉक्स म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवणारी प्रणाली. तिच्या तीन नोडच्या (सर्व्हरच्या) क्लस्टरला मला नेटवर्कवरचं दोन्ही प्रकारचं स्टोरेज जोडायचं होतं. डेटाबेससाठी आयस्कझी, जे नेटवर्कवरून कोरी डिस्क देतं; आणि आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फाइल), टेम्प्लेट, बॅकअप व लहान व्हीएमसाठी एनएफएस, जे नेटवर्कवरून सामायिक फोल्डर देतं.

एनएफएस लगेच जोडलं गेलं. आयस्कझीला मात्र दोन दिवस लागले. स्टोरेजकडे जाणारे मार्ग दोन, त्यामुळे एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) प्रत्येक नोडवर दोन वेगळ्या डिस्क म्हणून दिसत होता. आधी मल्टिपाथ (दोन्ही मार्ग जोडून एकच डिस्क दाखवणारी सोय) बसवलं आणि मगच त्यावर एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) व्हॉल्यूम ग्रुप केला. हा क्रम पाळाच. त्या लनवर ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम करून तो तिन्ही नोडवर माउंट करायचा विचारही करू नका. ती फाइलसिस्टीम एका वेळी एकाच मशीनची; दुसऱ्या मशीनने लिहिलं की डेटा बिघडतो. एलव्हीएम-थिन (जागा लागेल तशी देणारा एलव्हीएमचा प्रकार) हेही नोडमध्ये शेअर होत नाही, म्हणून साधं एलव्हीएमच घेतलं.

खरी चूक पुढे झाली. डेटाबेसच्या व्हीएमची सिस्टीम डिस्क मी एनएफएसवर क्यूकाऊ२ (व्हीएमच्या डिस्कचा फाइल-प्रकार) म्हणून ठेवली आणि डेटा डिस्क आयस्कझीवर. अपडेटआधी स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून त्या क्षणाची नोंद) घ्यायला गेलो, तर घेता येईना. क्यूकाऊ२ला स्नॅपशॉट जमतो, माझ्या आवृत्तीत साध्या एलव्हीएमवर जमत नव्हता, आणि एका डिस्कला जमत नसेल तर अख्ख्या व्हीएमला मिळत नाही. काही दिवसांनी एनएफएस सर्व्हर रीस्टार्ट केला आणि डेटाबेस गोठला. आयस्कझी ठणठणीत होतं, पण सिस्टीम डिस्कच अडकली होती. एनएफएसचं माउंट ‘हार्ड’ होतं म्हणून लिखाण वाट पाहत थांबलं. ‘सॉफ्ट’ असतं तर व्हीएमला थेट एरर गेली असती आणि ते जास्त धोक्याचं.

मग व्हीएम चालू ठेवूनच सिस्टीम डिस्क आयस्कझीवर हलवली. आता एका व्हीएमच्या सगळ्या डिस्क एकाच प्रकारच्या स्टोरेजवर असतात. ज्यांना स्नॅपशॉट हवेत ते व्हीएम पूर्णपणे एनएफएसवर. डेटाबेसचा बॅकअप चालू व्हीएमवरूनही होतो, कारण ते काम व्हीएम चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्राम करतो, त्याला स्टोरेजचा स्नॅपशॉट लागत नाही.

शेवटी आयस्कझीची एक केबल मुद्दाम काढून पाहिली. दुसरा मार्ग शाबूत असूनही लिखाण दोन मिनिटं थांबलं! ओपन-आयस्कझी या लिनक्सवरच्या आयस्कझी प्रोग्रामचा रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेला मार्ग परत येण्याची वाट पाहण्याचा वेळ, मुळात 120 सेकंदांचा असतो. तो 15 केला, आयस्कझीला पुन्हा लॉगिन केलं आणि केबल परत काढली. या वेळी डेटाबेस क्षणभर अडखळला आणि चालू राहिला.