यलोस्टोनची वाफ आणि दुपारचे ऊन

पहाटेच्या कोवळ्या उजेडातच कॅमेरा बाहेर काढायचा, या माझ्या जुन्या सवयीने अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पहिल्याच दिवशी दगा दिला. सप्टेंबरमधल्या त्या सकाळी मिडवे गीझर बेसिन या गरम झऱ्यांच्या भागातल्या लाकडी वाटेवर बोटे गारठत होती आणि सुमारे ११० मीटर रुंदीचे ग्रँड प्रिझमॅटिक हे गरम पाण्याचे कुंड चार पावलांवर असूनही दिसत नव्हते. थंड हवेत पाण्याची वाफ इतकी दाट होते की तासाभरात मी पांढऱ्या पडद्याचीच चाळीसेक छायाचित्रे काढली. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या माणसाला इथे हात आवरावा लागतो. मध्यभागी पाणी सुमारे ८७ अंश सेल्सियस तापलेले असते आणि वाटेबाहेरची जमीन म्हणजे नुसता पातळ पापुद्रा. या पाण्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते ते खनिज, विरघळलेले असल्याने भिंगावर उडालेले तुषार सुकण्याआधीच पुसावेत, नाहीतर त्यांचे डाग निघता निघत नाहीत.

रंग दिसले ते दुपारी, म्हणजे एरवी मी कॅमेरा पिशवीत ठेवतो त्या वेळी. फेअरी फॉल्सच्या वाटेने टेकडीवरच्या सज्जावर गेलो, तेव्हा हवा तापून वाफ विरळ झाली होती, ऊन थेट पाण्यात शिरत होते आणि भिंगावरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, फिरवताच पृष्ठभागावरची चकाकी जाऊन खालचा निळा रंग उघडा पडला. निळाई खोल, स्वच्छ पाण्याची. भोवतीची पिवळी, नारिंगी, तपकिरी वलये मात्र सूक्ष्मजीवांच्या थरांची असतात, आणि काठाकडे पाणी जसे निवते तशी तिथली वस्ती व तिचा रंग बदलतो.

याच वाटेवरचे लॉजपोल पाइनचे रान १९८८च्या वणव्यानंतर उगवलेले आहे. त्या वर्षी उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. पण या झाडांची राळेने बंद झालेली कित्येक बोंडे आगीच्या धगीनेच उघडतात, म्हणून आज तिथे एकाच वयाची, जवळजवळ एकाच उंचीची झाडे दाटीने उभी आहेत. अशा रानाचे छायाचित्र काढणे अवघड, कारण नजर ठरेल असे एकही झाड वेगळे निघत नाही.

वेगळी झाडे सापडली ती लोअर गीझर बेसिनमध्ये. गरम पाण्याचा ओघ सरकला की त्याच्या वाटेतले पाइन मरतात, त्यांच्या बुंध्यात सिलिकायुक्त पाणी चढते आणि पायाशी पांढरे मोजे घातल्यासारखा थर राहतो. दुपारी मागच्या हिरव्या गर्दीत हे वाळके खांब हरवले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहाटेच गेलो. वाफेने मागचे सगळे रान पुसून टाकले होते आणि समोर पांढऱ्या पायांची फक्त पाच झाडे उभी होती.