चोवीस ओळी

आज दिवसभर दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची पत्रं पाहिली. मन अजून तिथेच आहे.

जर्मन छावण्यांत कैद्याला छापील कागदच मिळे. पत्राला २४ ओळी, कार्डाला ७. कागदावर गुळगुळीत रासायनिक थर असे, म्हणजे अदृश्य शाईने काही लिहिलं तर ते लगेच दिसून येई. मागे कैद्याचा क्रमांक आणि छावणीचं नाव. हा क्रमांक फार महत्त्वाचा. घरच्यांनी तो चुकवला, तर एकाच नावाच्या अनेकांत पत्र भरकटे. मधेच छावणी बदलली तर पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन मग मागोमाग फिरे. शिवाय दोन्ही बाजूंची तपासणी. त्यामुळे उत्तरं उलटसुलट क्रमाने पोहोचत. म्हणून पत्रांवर अनुक्रमांक घालणं शहाणपणाचं; कुठलं हरवलं ते तरी कळतं.

जपानी छावण्यांतली कार्डं पाहवत नाहीत. बरीचशी वाक्यं आधीच छापलेली, नंतर मजकुराला २५ शब्दांची मर्यादा. घरी मात्र त्या कार्डातलं हस्ताक्षर, निदान सही, पुन्हा पुन्हा निरखली जात असणार.

१९४९च्या जिनिव्हा कराराने किमान हक्क ठरवला: महिन्याला २ पत्रं, ४ कार्डं, टपालखर्च माफ. पकडल्याची खबर देणारं कार्ड त्यात धरत नाहीत. ते छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत लिहू द्यावंच लागतं.