होरिझोंटचा रोल अखंड परत मिळवताना: माझा अनुभव

होरिझोंट या रुंद दृश्य टिपणाऱ्या माझ्या फिल्म कॅमेऱ्याच्या पहिल्या रोलवर बावीस छायाचित्रे होती आणि रोल धुऊन देणाऱ्या लॅबमधून त्यांपैकी चार मधोमध कापलेली माझ्या हाती आली. पाचवा कापही एका छायाचित्रातूनच गेला होता, पण तो अगदी कडेला पडल्यामुळे ते कसेबसे वाचले. कॅमेरा मिळवणे, तो तपासून घेणे, रोल भरणे हे सारे फारसा त्रास न होता पार पडले होते, म्हणूनच शेवटच्या पायरीवर झालेले हे नुकसान मी अजून विसरू शकलेलो नाही.

हा कॅमेरा मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील यांत्रिकी कारखान्यात १९६७ ते १९७३ या काळात तयार होत असे. त्याची २८ मिमीची लेन्स एका नळकांड्यात बसवलेली असून बटण दाबताच ते नळकांडे फिरते आणि मागच्या उभ्या फटीतून येणारा प्रकाश अर्धगोलाकार वळवलेल्या फिल्मवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पडत जातो. त्यामुळे १२० अंशांचे दृश्य टिपले जाते आणि साध्या ३५ मिमी रोलवर २४ × ५८ मिमीची फ्रेम उमटते. नेहमीची फ्रेम ३६ मिमी रुंदीची असते. माझी सारी अडचण या दोन आकड्यांमधल्या फरकातून निर्माण झाली.

लॅबमध्ये धुतलेला रोल सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापून प्लास्टिकच्या पाकिटात घालतात. मधली मोकळी जागा धरून नेहमीची एक फ्रेम ३८ मिमी जागा घेते, म्हणजे एक पट्टी २२८ मिमीची होते. तेवढ्या लांबीत होरिझोंटच्या तीन फ्रेम पूर्ण बसतात आणि चौथीवर कात्री चालते. मी तक्रार केली तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने मला छापील फॉर्म दाखवला. त्यात फिल्मचा प्रकार, प्रिंटचा आकार आणि प्रतींची संख्या यांसाठी चौकटी होत्या, परंतु ‘कापू नये’ असे सांगण्यासाठी एकही नव्हती. “फॉर्ममध्ये तसा पर्याय नाही,” एवढेच उत्तर मला मिळाले.

दुसऱ्या वेळी मी फॉर्मच्या समासात ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह कापू नये’ असे लिहिले आणि निर्धास्त होऊन आठवडाभर वाट पाहिली. तोही रोल कापूनच आला. चौकशी केल्यावर कळले की फॉर्म खिडकीपाशीच राहतो आणि आत जातो तो केवळ क्रमांकाची चिठ्ठी लावलेला रोल. रोलच्या डबीवर सूचना चिकटवण्याचाही उपयोग नसतो, कारण धुण्यापूर्वी फिल्म डबीतून बाहेर काढतात आणि डबी टाकून देतात. जिथे कात्री चालते तिथपर्यंत माझा शब्द पोहोचण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती, आणि ही गोष्ट पहिल्या तक्रारीच्या वेळीच कुणीतरी मला सांगायला हवी होती असे मला आजही वाटते.

तिसऱ्या वेळी मी फॉर्म भरण्याआधी, प्रत्यक्ष रोल धुणाऱ्या तंत्रज्ञांना भेटण्याचा आग्रह धरला. त्यासाठी तासभर थांबावे लागले. ते बाहेर आल्यावर मी कापले गेलेले एक निगेटिव्ह आणि कॅमेरा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरले, कॅमेऱ्याची लेन्स फिरताना पाहिली आणि काही न विचारता क्रमांकाच्या चिठ्ठीवरच ‘अखंड’ असे लिहिले. त्या एका शब्दाने मला जो दिलासा दिला तो दोन रोल गमावलेल्या माणसालाच कळेल. तेव्हा ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांनी सोबत एक नमुना निगेटिव्ह न्यावे, फक्त धुऊन मागावे आणि स्कॅन तिथे करून घेऊ नये, कारण तिथले यंत्रही ३६ मिमीच्या मापानेच चित्र तोडते.

स्कॅन मी घरीच करतो. सपाट स्कॅनरच्या ३५ मिमी पट्टीधारकात मध्ये दांड्या येतात, म्हणून मोठ्या, म्हणजे १२० फिल्मचा धारक वापरावा. तोपर्यंत फिल्म गुंडाळीतच असल्यामुळे ती वळते, म्हणून तीन-तीन फ्रेमच्या पट्ट्या स्वतः कापून त्या दोन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवाव्यात.

रोल भरण्याविषयी आधीच सांगायला हवे होते: फिल्म दोन्ही बाजूंच्या रुळांखालून गेली आहे याची खात्री केल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर ती वक्र पाठीवर घट्ट बसत नाही. बोटे कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला आली तर ती चित्रात उतरतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर नसेल तर क्षितिज धनुष्यासारखे वाकते. चित्रात उभे फिकट-गडद पट्टे दिसू लागले तर जुने वंगण घट्ट होऊन नळकांडे अडखळत फिरत आहे असे समजावे आणि कॅमेरा जाणकाराकडून साफ करून घ्यावा.

तिसऱ्या रोलची बावीसही छायाचित्रे अखंड आली. आता चौथा रोल भरून तयार आहे आणि तो मी त्याच तंत्रज्ञांच्या हाती देणार आहे.