तुम्ही विचारलंत म्हणून: एलीट आणि ती फिरती खाच

"एवढा जुना गेम, त्यात पहिल्याच मुक्कामाला जहाजाचा चुरा. 'एलीट' अजून कशाला खेळायचा?" अंतराळात जहाज घेऊन व्यापार करायच्या या कॉम्प्युटर गेमबद्दल नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच विचारलं जातं. विचारणारे बहुतेक जण लेव्ह या पहिल्या ग्रहावरून माल भरून निघालेले आणि शेजारच्या झाओन्स ग्रहाच्या अंतराळ-स्टेशनवर आपटलेले असतात. म्हणून उत्तरही आपटण्यापासूनच.

आधी कबूल करतो: हा जाच खरा आहे. खेळ जपून ठेवता येतो तो फक्त स्टेशनात असताना, '@' दाबून. म्हणजे वाटेतल्या चाच्यांशी झगडून, इंधन जाळून तुम्ही दारात पोचता आणि दारात मेलात की सगळी फेरी पाण्यात. लेव्हला जपून ठेवायला विसरला असाल तर पुन्हा तेच सुरुवातीचे १०० क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे. १९८४ च्या बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर हे कॅसेटच्या वेगाने सोसायचं होतं. (आपल्याकडच्या शाळांतही 'क्लास' प्रकल्पातून हेच यंत्र आलं होतं.)

आता दाराकडे. जहाजाला डावं-उजवं वळणच नाही. स्वतःभोवती लोळायचं आणि नाक वर-खाली करायचं, एवढंच. स्वल्पविराम आणि टिंबाच्या कळांनी लोळण, 'एस'ने नाक खाली, 'एक्स'ने वर. वेग स्पेसबारने वाढतो, प्रश्नचिन्हाच्या कळीने उतरतो. उजवीकडचं काही समोर आणायचं तर आधी लोळून ते डोक्यावर घ्यायचं, मग नाक उचलायचं. मोटारसायकलची सवय इथे आडवी येते.

नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे फिरत्या स्टेशनची खाच, म्हणजे आत शिरायचं दार, नेहमी ग्रहाकडे तोंड करून असते. पडद्यावर स्टेशन जवळ असल्याची 'एस' ही खूण उमटली, स्टेशन दिसलं, की लोक थेट त्याच्यावर चाल करून जातात आणि पाठीवर किंवा कुशीवर आदळतात. स्टेशनला वळसा घाला. ग्रह आणि स्टेशन यांच्या मधल्या रेषेवर या, मग मागे वळा. सरावाला तर फेरी मारायचीही गरज नाही. स्टेशनातून सुटल्यावर तोंड ग्रहाकडेच असतं. थोडं सरळ जा, वेग अगदी उतरवा, लोळण न देता 'एक्स' दाबून धरा. अर्धी गिरकी झाली की खाच समोर. 'एलीट'मध्ये दुसरं काही करण्याआधी हे वीसदा करावं.

पूर्वी मीच सांगायचो की लांबूनच स्टेशनच्या लयीत लोळत जा, खाच स्थिर दिसेल. दिसते. पण लोळत असताना नेम एका बाजूला सरकला तर सुधारणार कसा? नाक उचलण्याची दिशाही तुमच्याबरोबर फिरत असते. मघाशी 'वर' होतं ते आता 'बाजूला'. तो सल्ला मागे घेतो. आधी न लोळता खाच मध्यावर धरायची, जवळ येईपर्यंत फक्त तेच करायचं. फिरत्या दोरीत शिरणारी पोर दोरीबरोबर गरगरत नाही, ठेका धरून आत उडी घेते. खाच आडवी होत आली की स्पेसबार. थोडी तिरकी असली तरी चालते, अगदी उभी असली की मेलात.

तरी लय जुळवूनच जायचं असेल तर कळ सोडताच लोळण आपोआप थांबते, ती सोय बंद करा: 'कॉपी' दाबून खेळ थांबवायचा, 'कॅप्स लॉक', मग 'डिलीट'. आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर 'कॉपी' बहुधा 'एंड'वर असते. मग दोन-तीन टिचक्यांत लोळण बसते. हेच बरं, असं म्हणणारे चांगले खेळाडू आहेत आणि त्यांना खोडून काढता येत नाही.

चुकलात तर वेगावर ठरतं. रांगत असाल तर धक्का खाऊन वाचता, नाहीतर संपलं. आणि बोटं सांभाळा: लेझरची 'ए' ही 'एस'ला चिकटून आहे. नाक खाली करताना चुकून स्टेशनवर गोळी गेली की पोलिसांची व्हायपर जहाजं सुटतात, आणि चिडलेल्या स्टेशनात शिरायला गेलात तर नेम अचूक असूनही मरता. पुष्कळांचं 'सगळं बरोबर केलं तरी मेलो' इथलं असतं.

मग कशाला खेळायचा? नाशिककराला खरं तर सांगावं लागू नये. लेव्ह शेतीचा ग्रह, झाओन्स कारखान्यांचा. धान्य इकडून तिकडे, कॉम्प्युटर तिकडून इकडे. पुढच्या मुक्कामाचा भाव आधी दिसत नाही, ते गाव लासलगावसारखं शेतमालाचं की अंबडसारखं कारखान्यांचं एवढंच कळतं. असे २,०४८ ग्रह ब्रेबन आणि बेल या दोन विद्यार्थ्यांनी ३२ केबीच्या यंत्रात बसवले, तेही साठवून नाही. तीन आकड्यांच्या बेरजेतून पुढचा आकडा काढत नावं, सरकारं, धंदे सगळं ऐन वेळी घडवायचं. थॉर्न ईएमआय या कंपनीने गेम नाकारला होता. त्यांना तीन जीव आणि दहा मिनिटांचा खेळ हवा होता.

'एलीट' हा किताब मिळवायला ६,४०० जहाजं पाडावी लागतात. त्याची बाजू मी घेणार नाही. ती निव्वळ हमाली आहे.

राहिला डॉकिंग कॉम्प्युटर, म्हणजे जहाज आपोआप स्टेशनात नेणारं यंत्र, १,५०० क्रेडिट. कमोडोर या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो स्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' वाजवत जहाज आत नेतो. बीबीसीवर 'सी' दाबला की थेट आत. याला मी वर्षानुवर्षं पळवाट म्हणत आलो. पण ४०० क्रेडिटात माल भरायची जागा २० टनांवरून ३५ टनांवर गेली की दारात बुडणारी रक्कमही तेवढीच फुगते, आणि मग १,५०० महाग वाटत नाहीत. घ्यावा की नाही, हे मला विचारू नका. एका डिस्कवर माझ्याकडे तो आहे, दुसरीवर नाही.